समुद्री शेवाळातून साखर कशी काढायची: धुण्यापासून एन्झाइमपर्यंत सगळं

समुद्री शेवाळातून साखर काढायची म्हटलं की बरेच जण लाकूड आणि पेंढ्यासाठीची पद्धत जशीच्या तशी उचलतात, कडक ॲसिड, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली वाफेने तापवणाऱ्या भांड्यात) तासभर, मग सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, टाकायचं आणि तीन दिवस वाट बघायची. थोडीफार साखर मिळते सुद्धा, त्यामुळे पद्धत बरोबर आहे असं वाटत राहतं. पण लाकडात एवढा मार द्यावा लागतो तो लिग्निनमुळे, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थामुळे, आणि शेवाळात लिग्निन जवळजवळ नसतंच. म्हणजे जी भिंत फोडायला आपण हातोडा आणलाय ती भिंतच तिथे नाही, आणि तो हातोडा सगळा साखरेवर पडतो. म्हणून या पूर्ण लेखात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी तुमच्या शेवाळात कोणती साखर आहे ते बघा, कोणती हवी ते ठरवा, आणि मग जेवढी गरज तेवढीच प्रीट्रीटमेंट, म्हणजे एन्झाइमच्या आधीची तयारी, द्या.

आधी शेवाळ ओळखा

शेवाळं तीन गटांत येतात, तपकिरी, लाल आणि हिरवी, आणि साखरेच्या दृष्टीने हे तीन अगदी वेगळे प्रकार आहेत. एकासाठी लिहिलेला प्रोटोकॉल दुसऱ्याला लावला की गडबड होते.

तपकिरी म्हणजे लॅमिनारिया, सॅकरिना, सारगॅसम, मॅक्रोसिस्टिस वगैरे. यात ग्लुकोज दोन ठिकाणी असतं, एक लॅमिनारिन आणि दुसरं सेल्युलोज. लॅमिनारिनमध्ये ग्लुकोजचे रेणू बीटा-१,३ बंधाने जोडलेले असतात आणि अधूनमधून बीटा-१,६ च्या फांद्या असतात, ते शेवाळाचं साठवणीचं अन्न, त्यामुळे तोडायला सोपं. सेल्युलोज थोडंच असतं. त्याशिवाय मॅनिटॉल असतं, ते आधीच सुटं असतं, पाण्यात विरघळून येतं, त्याला एन्झाइम लागत नाही. आणि मग येतं अल्जिनेट, जे भरपूर असतं आणि ज्याच्यात ग्लुकोज अजिबात नाही, ते मॅन्युरॉनिक आणि ग्युल्युरॉनिक ॲसिडचं बनलेलं असतं. फ्युकोइडन पण असतं, सल्फेटवालं, फ्युकोज देणारं.

लालमध्ये ग्रॅसिलारिया आणि जेलिडियम हे अगारवाले, कॅपाफायकस आणि युक्युमा हे कॅराजिननवाले. अगार आणि कॅराजिनन म्हणजे जेली करणाऱ्या साखरेच्या लांब साखळ्या. दोन्हीत मुख्य साखर गॅलॅक्टोज, आणि तिच्या जोडीला ३,६-अनहायड्रोगॅलॅक्टोज, ही दुसरी फार नाजूक असते, तिच्याबद्दल खाली येईलच. ग्लुकोज मिळतं ते सेल्युलोजमधून आणि फ्लोरिडियन स्टार्च नावाच्या साठवणीच्या स्टार्चमधून.

हिरव्यात मुख्यतः उल्व्हा. सेल्युलोज आहे, साधा स्टार्च आहे, आणि उल्व्हान आहे ज्याच्यातून रॅम्नोज, झायलोज आणि युरॉनिक ॲसिड्स निघतात. सुरुवात करायची असेल तर मला विचाराल तर उल्व्हाच घ्या, सगळ्यात कमी त्रास देतं.

अजून एक, शेवाळ कधी तोडलंय यावर खूप काही ठरतं. थंड समुद्रातल्या तपकिरी शेवाळात उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरद ऋतूत लॅमिनारिन आणि मॅनिटॉल भरलेलं असतं, आणि हिवाळ्याच्या अखेरीस तेच शेवाळ ते साठे वापरून रिकामं झालेलं असतं. त्यामुळे दोन बॅचचे आकडे जुळले नाहीत तर एन्झाइमला दोष द्यायच्या आधी तोडणीची तारीख बघा. पिशवीवर जात, तारीख आणि जागा लिहून ठेवणं हे प्रयोगाचाच भाग समजा.

धुणं, वाळवणं, दळणं

ताज्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणी असतं आणि वरून मीठ, वाळू, शिंपल्यांचे तुकडे. शिंपल्या हाताने वेचून काढा, कंटाळवाणं काम आहे पण करा, कारण शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते ॲसिडमध्ये फसफसतं आणि तुमचं ॲसिड खातं, मग तुम्ही समजता १ टक्का आणि आत प्रत्यक्षात असतं त्याहून कमी.

धुवायचं गोड्या पाण्याने, थंड, आणि पटकन. भिजत घालू नका. मॅनिटॉल पाण्यात लगेच उतरतं, लॅमिनारिनचा काही भाग पण थंड पाण्यात विरघळतो, त्यामुळे तपकिरी शेवाळ रात्रभर भिजवलं तर सकाळी जे पाणी तुम्ही ओतून देता त्यात तुमची साखर असते. आणि दळल्यावर तर अजिबात धुवू नका.

वाळवायला ४० ते ६० अंश सेल्सिअसचं ओव्हन पुरे, पातळ पसरून, वजन स्थिर होईपर्यंत. मग दळा आणि चाळा, १ मिमीच्या खाली हवं, अर्ध्या मिमीच्या खाली असलं तर अजून छान. वाळलेलं शेवाळ हवेतला ओलावा भराभर ओढतं, मीठ असतं ना त्यात, त्यामुळे दळलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

दोन आकडे आत्ताच काढून ठेवा, ओलावा आणि राख. ओलाव्यासाठी १०५ अंशाला वाळवा, राखेसाठी ५५० अंशाच्या आसपास फर्नेसमध्ये जाळा. शेवाळाची राख कोरड्या वजनाच्या २०-३० टक्के सहज असते, कधी त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही ५ ग्रॅम पावडर घेतली तर त्यात दीड ग्रॅम नुसते क्षार असू शकतात. हे माहीत नसेल तर पुढचे यील्डचे सगळे आकडे हवेत.

सुरुवातीला किती साखर आहे ते मोजा

हे बरेच जण सोडून देतात आणि शेवटी अडकतात. यील्ड म्हणजे मिळालेली भागिले असलेली, आणि असलेली किती ते माहीतच नसेल तर भागणार कशाने? नेहमीची पद्धत अशी की पावडर ७२ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ३० अंशाला एक तास, मग पाणी घालून ४ टक्क्यांवर आणायचं आणि १२१ अंशाला एक तास. यातून ग्लुकोज, गॅलॅक्टोज, झायलोज, रॅम्नोज नीट मिळतात. पण युरॉनिक ॲसिड्स आणि अनहायड्रोगॅलॅक्टोज यात बऱ्यापैकी मोडतात, त्यामुळे अल्जिनेट किंवा अगार किती होतं हे या पद्धतीवरून ठरवू नका. सोबत माहीत असलेल्या साखरेचं स्टँडर्ड पण त्याच उष्णतेतून काढा म्हणजे किती जळून जाते ते कळतं. मॅनिटॉल वेगळं मोजा, ते गरम पाण्यात काढून थेट.

प्रीट्रीटमेंट

प्रीट्रीटमेंटचं काम एवढंच की पेशीभित्तिका मोकळी करायची, जेली करणारी पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या लांब साखळ्या) बाजूला सारायची किंवा त्यांची लांबी कमी करायची, म्हणजे एन्झाइमला सेल्युलोजपर्यंत पोचता येईल. साखर पूर्ण सुटी करणं हे तिचं काम नाही, ते एन्झाइम करेल.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे नुसतं पाणी. पावडर पाण्यात, १२१ अंशाला २०-३० मिनिटं. उल्व्हाला आणि बऱ्याच तपकिरी शेवाळांना एवढ्याने चांगला फरक पडतो, स्टार्च फुगतो, उल्व्हान विरघळतं, लॅमिनारिन बाहेर येतं, आणि घाण प्रॉडक्ट्स जवळपास तयार होत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, कोणतंही नवीन शेवाळ हातात आलं की पहिला रन नुसत्या पाण्याचा करा, आणि त्याने जे मिळतं त्याच्याशी ॲसिडच्या रनची तुलना करा. बऱ्याचदा ॲसिडची गरजच नव्हती असं निघतं.

ॲसिड लागतं ते मुख्यतः लाल शेवाळाला. ०.५ ते २ टक्के सल्फ्युरिक, ११० ते १३० अंश, १५ ते ६० मिनिटं, या चौकटीत बहुतेक काम होतं. एक करून बघण्यासारखा सेट सांगतो. २५० मिलीची काचेची बाटली, ५ ग्रॅम कोरडी पावडर, ५० मिली १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड. १ टक्का बनवताना आधी पाणी घ्या आणि त्यात संहत ॲसिड थेंबथेंब सोडा, उलटं कधीच नाही, आणि गॉगल-ग्लोव्हज घालूनच. पावडर घालून काचेच्या रॉडने ढवळा, कोरड्या गाठी राहू देऊ नका, दहा-पंधरा मिनिटं तसंच भिजू द्या, मग पीएच बघून घ्या. अपेक्षेपेक्षा वर असेल तर क्षारांनी ॲसिड खाल्लंय, नोंद करा. झाकण सैल ठेवा. बाटली निम्म्याहून जास्त भरू नका कारण शेवाळाची स्लरी दुधासारखी उतू जाते आणि मग ऑटोक्लेव्ह घासत बसावं लागतं. १२१ अंशाला ३० मिनिटं.

तापमान आणि वेळ एकत्र धरून प्रीट्रीटमेंट किती कडक होती याचा एक आकडा काढतात, त्याला सिव्हिअरिटी फॅक्टर म्हणतात. तापमानातून १०० वजा करा, १४.७५ ने भागा, त्याचं एक्स्पोनेन्शियल घ्या, मिनिटांनी गुणा आणि लॉग काढा. १२१ अंशाला ३० मिनिटं म्हणजे साधारण २.१ येतो, १५० अंशाला १० मिनिटं म्हणजे साधारण २.५. ॲसिड असेल तर त्यातून पीएच वजा करतात. हा आकडा लिहून ठेवला की वेगवेगळ्या मशीनवरचे रन एकमेकांशी तोलता येतात, फक्त लक्षात ठेवा की मोठा ऑटोक्लेव्ह तापायला आणि गार व्हायला बराच वेळ घेतो आणि त्या वेळेतही रिॲक्शन चालूच असते.

आता जास्त कडक केलं तर काय होतं ते सांगतो. हेक्सोज, म्हणजे सहा कार्बनच्या, साखरा ॲसिडमध्ये तापल्या की पाणी गमावून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल होतात, म्हणजे एचएमएफ, आणि तो पुढे फुटून लेव्ह्युलिनिक आणि फॉर्मिक ॲसिड देतो. अनहायड्रोगॅलॅक्टोज यात सगळ्यात आधी जाते. म्हणून अगारवालं शेवाळ कडक ॲसिडमध्ये टाकलं की गॅलॅक्टोज वाढत असलेली दिसते आणि तुम्ही खूश होता, पण तिच्या जोडीची साखर तोपर्यंत एचएमएफ होऊन गेलेली असते. द्रव कसा दिसतो ते बघा: हलका पिवळा किंवा चहाच्या रंगाचा असेल तर ठीक, गडद तपकिरी झाला आणि कॅरॅमलसारखा जळका गोड वास आला तर थांबा, वेळ कमी करा. एचएमएफ पुढे यीस्टला पण त्रास देतो, त्यामुळे नुकसान दुहेरी आहे.

तपकिरी शेवाळात ॲसिडचा अजून एक परिणाम दिसतो. अल्जिनेट ॲसिडमध्ये विरघळत नाही, अल्जिनिक ॲसिड होऊन घनरूपात खाली बसतं. ते चांगलंच आहे, कारण द्रव पातळ राहतो आणि लॅमिनारिन-मॅनिटॉल द्रवात येतं. म्हणून तपकिरीला ०.५ टक्क्याच्या आसपासचं सौम्य ॲसिड देऊन, गरम असतानाच गाळून, द्रव आणि चोथा वेगळे हाताळणं हा एक शहाणा मार्ग आहे.

अल्कली वापरणारे पण आहेत, पण ते मला साखरेसाठी पटत नाही. सोडियम कार्बोनेटने अल्जिनेट विरघळून सगळं चिकट होतं, अल्जिनेटच हवं असेल तर ठीक, १८८१ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ स्टॅनफर्डने अल्जिनचं पेटंट घेतलं तेही सोडा वापरूनच.

पीएच वर आणताना काळजी

एन्झाइमला पीएच ४.८ ते ५ लागतो आणि तुमची स्लरी १ च्या आसपास असते. इथे कशाने न्यूट्रलाइझ करायचं हे शेवाळावर ठरतं, आणि नेमकं हेच कुणी लिहीत नाही.

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरला की सल्फेट जिप्सम होऊन खाली बसतं आणि गाळता येतं, त्यामुळे द्रवात मीठ कमी राहतं. लाल आणि हिरव्याला हे चालतं. तपकिरीला मात्र चुना लावू नका, कॅल्शियम आणि अल्जिनेट भेटले की जेल होतं, सगळी स्लरी गोळ्यागोळ्यांची होते आणि सेल्युलोज त्यात अडकतं. तिथे सोडियम हायड्रॉक्साइड. कॅपाफायकसला पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाळा, कारण कॅपा कॅराजिननला पोटॅशियमने घट्ट जेल येतं.

वरच्या सेटमध्ये, ॲसिडचा १ टक्का वजनाने धरला तर, १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड साधारण १ मिली लागायला हवं, शेवाळातल्या क्षारांमुळे जरा कमीच लागेल. शेवटचे काही थेंब १ मोलरने घाला, नाहीतर पीएच ३ वरून एकदम ९ वर उडी मारतो.

अगारवाल्या शेवाळात हे सगळं गरम असतानाच करायचं. अगार ३२ ते ४० अंशाच्या दरम्यान सेट होतो आणि एकदा झाला की ८५ अंशाच्या वर नेल्याशिवाय वितळत नाही. पीएच मीटरची प्रोब स्लरीत ठेवून तुम्ही बोलत बसलात तर आधी कडेला एक चकचकीत साय धरते, मग रॉड फिरवताना स्लरी एकसंध सरकते, आणि मग प्रोब त्यात रुतून बसते. ५० ते ६० अंशाला काम करा, प्रोबचं तापमान कॉम्पेन्सेशन चालू ठेवा, आणि प्रोब लगेच गरम पाण्याने धुवा.

एन्झाइमचा टप्पा

बफर साइट्रेटचा, ५० मिलिमोलर, पीएच ४.८. स्टॉक १ मोलर बनवून ठेवला की सोयीचं पडतं: २१० ग्रॅम सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट ७५० मिली पाण्यात, सोडियम हायड्रॉक्साइड घालत पीएच ४.३ पर्यंत, मग १ लिटर करा आणि पीएच ४.५ ला लावा. हा २० पट पातळ केला की आपोआप ४.८ च्या जवळ येतो. आपल्या बाटलीत ५ मिली स्टॉक घाला आणि पाण्याने एकूण १०० मिली करा. तपकिरी शेवाळात साइट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे कॅल्शियम अल्जिनेट सुटं होऊन स्लरी जास्त चिकट झाल्यासारखी वाटेल, घाबरू नका, शेकरचा वेग वाढवा किंवा घनपदार्थ कमी घ्या.

आता कोणतं एन्झाइम. सेल्युलेज सगळ्यांना लागतं, त्यात एंडोग्लुकानेज आणि सेलोबायोहायड्रोलेज असतात, आणि सोबत बीटा-ग्लुकोसिडेज भरपूर हवं, नाहीतर सेलोबायोज (दोन ग्लुकोजची जोडी) साठतं आणि सेल्युलेजलाच अडवतं. डोस सेल्युलोजच्या दर ग्रॅमला १० ते २० एफपीयू (फिल्टर पेपर युनिट, सेल्युलेजची ताकद मोजायचं एकक). आपल्या ५ ग्रॅम पावडरमध्ये ग्लुकान, म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या, १५ टक्के धरलं तर ०.७५ ग्रॅम, १५ एफपीयूने ११.२५ एफपीयू. इथे एक घोळ नेहमी होतो, कुणी डोस सेल्युलोजच्या ग्रॅमवर लिहितं, कुणी पूर्ण पावडरच्या ग्रॅमवर, आणि शेवाळात सेल्युलोज कमी असल्याने या दोघांत पाच-दहा पटीचा फरक पडतो. कशावर धरलाय ते वहीत शब्दात लिहा.

तपकिरीला लॅमिनारिनेज लागतं, पण वेगळं विकत घ्यायच्या आधी तुमच्याकडचं सेल्युलेज नुसत्या लॅमिनारिनवर चालवून बघा. बाजारातल्या बऱ्याच सेल्युलेज मिश्रणांत बीटा-१,३ ग्लुकानेजची ताकद असते आणि ती बऱ्यापैकी पुरते. उल्व्हा आणि लाल शेवाळाला ॲमायलोग्लुकोसिडेज घाला, स्टार्चमधलं ग्लुकोज अगदी सहज हाती येतं, ते सोडून देणं म्हणजे नुकसान आहे. सेल्युलेजच्याच बाटलीत, त्याच पीएचला चालतं.

अल्जिनेट लायेज, अगारेज (अल्जिनेट आणि अगार तोडणारी एन्झाइम) हे मात्र वेगळे. त्यांना साधारण न्यूट्रल पीएच आवडतो, ७ च्या आजूबाजूला, आणि तापमान पण सेल्युलेजपेक्षा कमी. म्हणून एकत्र टाकू नका. आधी पीएच ७, ३७ ते ४० अंश, काही तास लायेज, स्लरी पातळ झालेली डोळ्यांनी दिसते, मग ॲसिडने पीएच ५ वर आणून ५० अंशाला सेल्युलेज. हा मार्ग धरला तर साइट्रेटचा स्टॉक दुसऱ्या टप्प्यात घाला, आधी नाही. अगारेज वापरायचं असेल तर आधी अगार पूर्ण वितळवून घ्या, घट्ट जेलवर ते फार हळू चालतं. आणि अल्जिनेट लायेजकडून साधी साखर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, ते पाण्याने नाही तर एलिमिनेशनने तोडतं आणि अनसॅच्युरेटेड युरॉनिक ॲसिड्स देतं, जी साधं यीस्ट खात नाही. आपल्याला त्याचा उपयोग चिकटपणा घालवायला आणि सेल्युलोजपर्यंत वाट करून द्यायला.

५० अंश, १५० आरपीएम, २४ ते ७२ तास. इतक्या वेळात बॅक्टेरिया घुसले तर तुमची साखर ते खातात आणि पीएच खाली घसरतो. नुसत्या मोजमापासाठी असेल तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात, पण ते विषारी आहे, ॲसिडशी आलं तर विषारी वायू सोडतं, म्हणून ॲसिडचं सगळं काम संपल्यावरच, जेमतेम तेवढंच, हूडखाली, आणि पुढे फर्मेंटेशन करायचं असेल तर अजिबात नाही. तेव्हा बाटली प्रीट्रीटमेंटमध्ये आधीच निर्जंतुक झालेली आहे याचा फायदा घ्या, बफर ऑटोक्लेव्ह केलेला वापरा, एन्झाइम ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून सोडा आणि झाकण उगाच उघडू नका.

चांगला चाललेला रन डोळ्यांना कळतो. सुरुवातीला फ्लास्क फिरवला की स्लरी लापशीसारखी काचेला चिकटून राहते. दोन-चार तासांत ती काचेवरून सरसर खाली यायला लागते, कडेला पातळ द्रवाची कड दिसते, आणि दुसऱ्या दिवशी शेकर थांबवला की बारीक गाळ खाली आणि वर बऱ्यापैकी स्वच्छ द्रव. २४ तासांनीही पहिल्या तासासारखंच दिसत असेल तर थांबायची गरज नाही, पीएच तपासा, बहुतेक तोच सरकलेला असतो. पीएच ठीक असेल आणि शेवाळ फ्युकस किंवा ॲस्कोफायलमसारखं असेल तर फ्लोरोटॅनिन्सचा संशय घ्या, हे फिनॉल एन्झाइमला बांधून निकामी करतात, तिथे एन्झाइम वाढवण्यापेक्षा आधी ते काढून टाकणं बरं.

०, २, ६, २४, ४८ तासांना सॅम्पल घ्या. प्रत्येक सॅम्पल ९५ ते १०० अंशाला ५-१० मिनिटं ठेवून एन्झाइम मारा, गार करा, सेंट्रीफ्यूज करा, वरचा द्रव फ्रीजरला.

सोबत तीन कंट्रोल हवेतच. एक, एन्झाइम आहे पण शेवाळ नाही, कारण बाजारातल्या एन्झाइमच्या द्रवात स्वतःचीच साखर असते आणि शेवाळाची साखर कमी असल्याने ती चूक मोठी दिसते. दोन, शेवाळ आहे पण एन्झाइम नाही. तीन, एन्झाइम आणि शुद्ध सेल्युलोज किंवा व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपर, म्हणजे एन्झाइम जिवंत आहे का ते कळतं.

मोजताना फसू नका

डीएनएस ही रंगावरून साखर मोजायची चाचणी, स्वस्त आणि सोपं आहे, ५४० नॅनोमीटरला रंग वाचायचा. पण ते रिड्युसिंग टोकं मोजतं, ग्लुकोज नाही. अल्जिनेट तुटून आलेली युरॉनिक ॲसिड्स पण रंग देतात, अगारचे छोटे तुकडे पण देतात, आणि मॅनिटॉल अजिबात देत नाही कारण त्याला रिड्युसिंग टोकच नाही. म्हणजे तपकिरी शेवाळात लायेज वापरून डीएनएस केलं तर आकडा भरघोस येईल आणि त्यातलं ग्लुकोज किती ते कळणार नाही. रोजच्या रनमध्ये चाल वर जातेय की थांबली हे बघायला डीएनएस वापरा, पण ग्लुकोज म्हणून जो आकडा सांगायचा तो ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज किटने किंवा एचपीएलसीने (साखरा कॉलममधून वेगळ्या करून मोजणारं यंत्र) काढा. ॲसिड असलेलं सॅम्पल डीएनएसला देण्याआधी न्यूट्रल करा, कारण रंग अल्कलीतच येतो.

एचपीएलसीला हायड्रोजन फॉर्मचा कॉलम आणि ५ मिलिमोलर सल्फ्युरिक ॲसिड वापरत असाल तर दोन गोष्टी. गॅलॅक्टोज आणि झायलोज त्यावर जवळपास एकाच जागी येतात, उल्व्हा आणि लाल शेवाळासाठी लेड फॉर्मचा कॉलम बरा. आणि विरघळलेलं अल्जिनेट त्या ॲसिडमध्ये गेलं की कॉलममध्येच साकळतं आणि प्रेशर चढतं, म्हणून तपकिरी शेवाळाचं सॅम्पल आधीच पीएच २ ला आणा, थोडा वेळ ठेवा, सेंट्रीफ्यूज करा, मग ०.२ मायक्रॉन फिल्टर.

आता हिशोब. सेल्युलोज तुटताना प्रत्येक बंधाला पाणी जोडलं जातं, १६२ चं १८० होतं, म्हणजे १ ग्रॅम ग्लुकानपासून १.११ ग्रॅम ग्लुकोज. आपल्या ०.७५ ग्रॅम ग्लुकानमधून जास्तीत जास्त ०.८३ ग्रॅम, १०० मिलीत म्हणजे लिटरला ८.३ ग्रॅम. ब्लँक (शेवाळ नसलेल्या एन्झाइम कंट्रोलचा आकडा) वजा करून लिटरला ६.२५ ग्रॅम मिळालं तर ०.६२५ ग्रॅम, गुणिले ०.९, भागिले ०.७५, म्हणजे ७५ टक्के. यात प्रीट्रीटमेंटमध्येच सुटलेलं ग्लुकोज पण आलं, म्हणून शून्य तासाचं सॅम्पल वेगळं दाखवा, नाहीतर एन्झाइमचं श्रेय किती आणि उष्णतेचं किती ते कुणालाच समजत नाही. १०० च्या वर आकडा आला तर आनंद मानू नका, एन्झाइम ब्लँक वजा केला का ते बघा आणि ग्लुकानच्या आकड्यात लॅमिनारिन आणि स्टार्च धरले होते का ते बघा.

लिटरला ६-८ ग्रॅम म्हणजे फारच पातळ, हे खरं आहे. फर्मेंटेशनला जास्त हवं असेल तर पावडर एकदम १५-२० टक्के घालू नका, ढवळताच येणार नाही. ५ टक्क्याने सुरू करा, पातळ झालं की प्रीट्रीटमेंट केलेला पुढचा हप्ता घाला, असं टप्प्याटप्प्याने चढवा. जसजसं ग्लुकोज वाढेल तसतसं बीटा-ग्लुकोसिडेज मंदावेल, ते धरूनच चला.

यीस्टला देताना कोणती साखर आहे ते परत एकदा बघा. ग्लुकोज आधी संपतं, गॅलॅक्टोज त्यानंतर आणि हळू. मॅनिटॉल साधं बेकरीचं यीस्ट बिनहवेचं आंबवत नाही, रॅम्नोज आणि युरॉनिक ॲसिड्स तर घेतच नाही. अल्जिनेटपासून थेट इथेनॉल करणारा ई. कोलाय बदल करून बनवल्याचं २०१२ मध्ये छापून आलं, पण तो साध्या लॅबमध्ये सहज मिळणारा जीव नाही. आणि मिठाकडे लक्ष ठेवा, शेवाळाचे क्षार अधिक सोडियम सल्फेट मिळून यीस्ट सुस्तावतं, त्याला आधी थोड्या द्रवात सवय लावून मग पूर्ण द्रव द्या.

हा द्रव चाखू नका आणि खाण्यात वापरू नका. शेवाळ समुद्रातलं आर्सेनिक, कॅडमियम, आयोडीन शोषून ठेवतं, आणि वर आपण ॲसिड आणि कदाचित अझाइड घातलेलं असतं. उरलेला चोथा फेकायच्या आधी वाळवून वजन करा आणि त्यातलं ग्लुकान मोजा, द्रवातलं आणि चोथ्यातलं मिळून सुरुवातीच्या आकड्याच्या जवळ यायला हवं. मधेच खूप काही गायब असेल तर ते एचएमएफमध्ये शोधा, २८४ नॅनोमीटरला, आणि पुढच्या रनला ऑटोक्लेव्हची वेळ निम्मी करा.